सतरा नंबरची सही

दिवस राहू नयेत म्हणून गर्भाशयात बसवतात ती कॉपर-टी, पण आमच्या लेबर रूममध्ये तिला तसं कुणी म्हणत नसे. डॉक्टर केसपेपरवर इंग्रजीत काय लिहायचं ते लिहोत, सगळ्यांच्या तोंडी 'तांबी'च. "सतराची तांबी झाली का?" "तांबीचा फॉर्म कुठे ठेवलास गं?" "या महिन्यात तांब्या किती?" हा शेवटचा प्रश्न पंचवीस तारखेनंतर जास्त ऐकू यायचा, आणि तो बाळंतिणीबद्दल नसायचा, रजिस्टरबद्दल असायचा.

मी १९८८ साली पालिकेच्या एका प्रसूतिगृहात स्टाफ नर्स म्हणून लागले आणि २०२३ मध्ये तिथूनच सिस्टर इन्चार्ज म्हणून रिटायर झाले. नाव लिहीत नाही. पूर्व उपनगरात, स्टेशनपासून शेअर रिक्षाने दहा मिनिटांवर, एवढं पुरे. इथे आतापर्यंत मी आळिवाची खीर, बाळाची कावीळ, टाक्यांची काळजी असलं बिनधोक लिहीत आले. आजचं लिहायचं बरेच दिवस टाळलं होतं, कारण यातली चूक माझी आहे.

२०१४ चा पावसाळा. रात्रपाळी संपायला आलेली, पण रुळांवर पाणी म्हणून सकाळच्या पाळीतल्या निम्म्या जणी कुर्ल्याच्या अलीकडे-पलीकडे अडकल्याचे फोन येत होते. लेबर रूमची चारही टेबलं भरलेली, मधले हिरवे पडदे अर्धे रिंगांतून निसटलेले. मी, एक डॉक्टर मॅडम, नुकतीच लागलेली एक मुलगी आणि मावशी. तिसऱ्या टेबलावर सतरा नंबर.

तिला नाव होतं, अर्थातच. पण वॉर्डात खाट मिळाली की बाईचं नाव कागदावर राहतं आणि आमच्या तोंडात नंबर येतो. त्यात वाईट हेतू नसतो. एका दिवसात तीन सुनीता आणि दोन शबाना येतात, एकीचं इंजेक्शन दुसरीला जाऊ नये म्हणून नंबर बरा असं आम्ही समजायचो. (उलट नंबरानेच घोटाळे जास्त होतात, कारण खाटा बदलतात. हे शहाणपण पुढचं.)

पहिलटकरीण, वय बावीस, भांडुपकडची, नवरा रिक्षा चालवणारा. पिशवीचं तोंड जवळजवळ पूर्ण उघडलेलं. केसपेपर चाळला तर तांबीबद्दल एक ओळ नाही, म्हणजे नऊ महिन्यांच्या तपासण्यांत कुणी विषयच काढला नव्हता. मी क्लिपबोर्ड घेऊन तिच्या डोक्याशी गेले. "तांबी बसवून टाकू ना गं? दहा वर्षं बघायला नको." तेवढ्यात कळ आली. तिने टेबलाची दांडी घट्ट धरली आणि म्हणाली, "हंऽऽ". मी तिच्या दुसऱ्या हातात पेन दिलं.

बाळ झालं. छान रडलं. मी दोन्ही हातांवर तिच्यासमोर धरलं आणि विचारलं, "बघ, काय झालंय? तोंडाने सांग."

"मुलगी."

"मोठ्याने सांग."

"मुलगी झाली."

मुंबईतल्या सरकारी दवाखान्यात जी कुणी बाळंत झाली असेल, तिला हा प्रश्न आठवत असेल. हिंदीवालीला, "क्या हुआ, मुँह से बोलो." उद्या कुणी बाळ बदललं म्हणून भांडायला येऊ नये यासाठी तो असतो. मावशी साक्षीला, केसपेपरवर बाळाच्या पावलाचा ठसा, मनगटाला पट्टी.

मग वार पडली. पुढच्या दहा मिनिटांत तांबी बसवता येते, त्यासाठी 'केली फोरसेप' नावाचा लांब चिमटा लागतो, आणि माझं ट्रेनिंग झालेलं होतं. बसवली. एकही टाका न घालता पहिलटकरीण मोकळी झाली म्हणून मी खूश होते. रजिस्टरमध्ये नोंद केली आणि चौथ्या टेबलाकडे वळले.

फेब्रुवारीत ती आली. मुलगी कडेवर, गालावर काजळाची तीट. नंबर मला आठवत नव्हता, चेहराही नाही. तिला मात्र मी बरोबर आठवत होते.

पाळीत फार जात होतं म्हणून गल्लीतल्या डॉक्टरने सोनोग्राफी करायला सांगितलेली. रिपोर्टात तांबी. ती म्हणाली, मी बसवलीच नाही. नवरा म्हणाला, मग आली कुठून? सासू म्हणाली, बारशानंतर माहेरी गेली होती ना, तेव्हा गुपचूप बसवून आली, हिला दुसरं नकोच आहे. या भांडणापासून तीन आठवडे ती माहेरीच होती.

आता तुम्ही म्हणाल, सात महिने अंगात वस्तू आहे आणि बाईला पत्ता कसा नाही? बाळंतपणानंतर लगेच बसवलेल्या तांबीचे दोरे बऱ्याचदा आत वर राहतात, हाताला लागत नाहीत. पहिल्या पाळ्या तशाही अनियमित, त्यात अंगावर पाजणं. आणि तिच्या डिस्चार्ज कार्डावर तांबीची नोंद होती की, पण इंग्रजीत, तीही आद्याक्षरांत. ती आठवीपर्यंत मराठी शाळेत गेलेली. ती ओळ माझ्याच अक्षरात होती.

"सिस्टर, तुम्ही मला विचारलं होतं का?" भांडायला आली नव्हती. खरंच विचारत होती, जणू आपल्यालाच काही आठवत नसेल तर.

मी रेकॉर्डमधून केसपेपर काढायला लावला. मनात पक्कं होतं की सही आहे. होतीच. नाव नोंदवतानाच्या कागदावर तिची एक सही होती, शाळेत शिकवतात तशी: प्रत्येक अक्षरावर स्वतंत्र रेघ, आडनावाच्या शेवटी टिंब. आणि तांबीच्या फॉर्मवरची ही. पहिलं अक्षर रेघेवर, दुसरं रेघेखाली, मग पेन घसरत घसरत तारखेच्या चौकटीत गेलेलं आणि तिथे कागदाला भोक. वेळ मीच टाकलेली, ६.४०. वरच्या पानावर बाळाची जन्मवेळ, ६.५२.

मी काय बोलले ते लिहिते. "सही तर आहे ना तुझी."

ती म्हणाली, "आहे की." पुढे काही नाही.

डॉक्टर मॅडमनी तांबी काढली, दोन मिनिटांचं काम. जाताना तिने एकच मागितलं, घरी दाखवायला चिठ्ठी. मी दवाखान्याच्या कागदावर मराठीत लिहायला घेतलं: अमुक तारखेला येथे प्रसूती झाली, त्याच वेळी तांबी... आणि पेन थांबलं. आमच्या ठरलेल्या मजकुरात पुढचा शब्द 'संमतीने'. तो लिहिला तर घरी पुन्हा हिच्यावरच शेकणार, की हो म्हणालीस आणि लपवलंस. नाही लिहिला तर कागद माझ्या विरोधात. मी 'प्रसूतीनंतर लगेच बसवण्यात आली' एवढंच लिहून शिक्का मारला. माफी मागितली नाही. तिने चिठ्ठी चार घड्या घालून ब्लाऊजमध्ये ठेवली आणि गेली.

त्या रात्री मी ट्रेनिंगची जाडी फाईल पुन्हा उघडली. त्यात सगळं लिहिलेलं होतं, आणि मी परीक्षेत पाठ करून मार्क मिळवले होते. तांबीबद्दल गरोदरपणाच्या तपासण्यांतच बोलायचं. राहिलंच तर कळांच्या अगदी सुरुवातीला. ऐन कळांत संमती घ्यायची नाही. आणि दहा मिनिटं हुकली तर आभाळ कोसळत नाही: ४८ तासांच्या आत बसवता येते, तेही हुकलं तर सहा आठवड्यांनी. म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी, चहा-बिस्कीट झाल्यावर, मुलीला पाजून ती निवांत बसली असताना मी विचारू शकले असते. दहा मिनिटं आम्हा सगळ्यांना पाठ. ४८ तास कुणाच्या लक्षात नाहीत.

का, तर महिन्याच्या आकड्यांचा बोर्ड. कुटुंबनियोजनातली टार्गेटं सरकारने १९९६ मध्ये काढून टाकली. टार्गेट गेलं आणि 'अपेक्षित उद्दिष्ट' आलं, म्हणजे सून तीच, नाव बदललं. बाळंतपणानंतर लगेच तांबी बसवायच्या सरकारी योजनेत तांबीमागे बसवणाऱ्याला दीडशे रुपये ठरले होते. दीडशे रुपयांसाठी मी ते केलं नाही, हे छातीवर हात ठेवून सांगते. पण मीटिंगमध्ये आमच्या प्रसूतिगृहाचा आकडा वर दिसला की मला बरं वाटायचं, हेही खरं. मी लागले तेव्हाच्या जुन्या सिस्टर आणीबाणीच्या आठवणी सांगायच्या. १९७६ साली आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं, राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही. ते ऐकताना आम्ही तरुण पोरी म्हणायचो, बाई बाई, काय तो काळ!

आणि मला छळत राहिला तो त्याच सकाळचा दुसरा प्रश्न. "काय झालंय, तोंडाने सांग." पस्तीस वर्षांत तो विचारायला मी एकदाही विसरले नाही. बाई रडत असो, चक्कर येत असो, स्पष्ट उत्तर कानाने ऐकल्याशिवाय बाळ जागचं हलवलं नाही. 'हं' तिथे चाललं नसतं. तो आमच्या बचावाचा प्रश्न होता ना.

यानंतर मी दोन गोष्टी केल्या, फार मोठ्या नाहीत. मुदत संपलेली एक तांबी जुन्या एक्स-रे फिल्मच्या तुकड्यावर टेपने चिकटवली आणि ती ओपीडीत टेबलावर ठेवायला लागले. बायका हातात घेऊन बघायच्या. "एवढीशीच?" हा पहिला प्रश्न. "नवऱ्याला टोचते का?" हा दुसरा, आजूबाजूला बघून. "वर छातीत जाते म्हणतात ते?" हा तिसरा. नाही जात. सांगून झालं की मी म्हणायचे, आता तुला काय समजलं ते मला सांग, मी तुझी जाऊबाई आहे असं समज. जाऊबाईला सांगताना बाई काय विसरली ते लगेच कळतं. दुसरी गोष्ट, डिस्चार्ज कार्डावर मराठीत किंवा हिंदीत एक ओळ: तांबी बसवली आहे, कधी, केव्हा दाखवायला यायचं, आणि नको वाटली तर कधीही काढून मिळेल. आमचा महिन्याचा आकडा घसरला. मीटिंगमध्ये त्याचं उत्तर द्यावं लागलं, ते पुराण इथे नको.

डोळा एकदा उघडला की नको तिथेही दिसायला लागतं. गर्भपाताच्या केसेसचं बघा. केसपेपरच्या खिडकीवर वर्षानुवर्षं एकच वाक्य: "मिस्टरांना घेऊन या." १९७१ च्या कायद्यात अठरा वर्षांवरच्या बाईची स्वतःची संमती पुरे आहे. नवऱ्याच्या सहीला त्या फॉर्मवर जागाच नाही. ती जागा आम्ही पेनाने आखून घेतलेली. चौतिशीची एक बाई, दोन मुलं, नवरा दुबईला. तिला खिडकीवरून परत पाठवलेलं, आणि ती तीन आठवड्यांनी, भावाला नवरा म्हणून उभा करायच्या तयारीने आली. तीन आठवडे म्हणजे या कामात काय, ते कुठल्याही नर्सला विचारा. गोळ्यांवर भागलं असतं ते टेबलावर गेलं. आणि रांगेत आमच्याच दोघी कुजबुजल्या, नवरा तिकडे, मग हे कसं? मी तिला आत घेऊन बसवलं तर तिने पहिलं वाक्य हे सांगितलं की मे महिन्यात तो सुट्टीवर येऊन गेला. मी विचारलं नव्हतं. पण तिला सांगावं लागलं.

२०२१ मध्ये कायदा सुधारला. काही ठरावीक परिस्थितींत मुदत २४ आठवड्यांपर्यंत गेली, 'विवाहित स्त्री किंवा तिचा नवरा'च्या जागी 'स्त्री किंवा तिचा जोडीदार' आलं, आणि बाईचं नाव फोडणाऱ्याला शिक्षा लिहिली गेली. चांगलं झालं. खिडकीवरचं वाक्य मात्र त्याच्या पुढच्या वर्षीही मी दोनदा ऐकलं.

माझी एक सहकारी गर्भपाताच्या केसला हात लावत नसे. तिची श्रद्धा. मी तिला कधी बोलले नाही, यादी बघून तिची ड्यूटी बदलून द्यायचे. पण एकदा तिने टेबलावरच्या मुलीला विचारलं, "देवाला काय उत्तर देशील?" तेव्हा मी तिला बाहेर बोलावलं आणि पाचव्या मिनिटाला वॉर्डात पाठवलं. स्वतःचे हात मागे घे, पण तिच्यावर उगारू नकोस, एवढंच म्हणाले. आजही आमचं बोलणं आहे. दिवाळीला चकल्या येतात.

एचआयव्हीच्या बायकांच्या बाळांना सहा आठवडे सिरप द्यायचं असतं, आणि सासू विचारणारच, कसलं औषध? पूर्वी आम्ही तोंडाला येईल ते ठोकून द्यायचो, एकीने कावीळ सांगितलं, दुसरीने ताकद. घरी दोन सुना दोन कारणं ऐकून बसल्या की संशय तिथेच सुरू. मग मी आधी आईलाच विचारायला लागले, घरी काय सांगायचं ते तू ठरव, आम्ही सगळ्या तेच सांगू किंवा काहीच सांगणार नाही. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने तिच्या संमतीशिवाय हे कुणाला सांगायला बंदी केली. कायदा नसतानाही केसपेपरच्या कोपऱ्यातलं लाल पेनाचं वर्तुळ आम्ही बंद करू शकलो असतो. ते वर्तुळ सफाईवाल्या मामांनासुद्धा कळायचं.

आता ती मुलगी. हिच्याबद्दल मला अजून नीट लिहिता येत नाही.

२०१६. आई पन्नाशीची वाटावी अशी, पण असेल अडतीस-चाळिशीची. बरोबर मुलगी, सोळा पूर्ण. क्लासची बॅग पाठीला. आई म्हणाली, पाळी दोनदा चुकली. मुलगा चाळीतलाच, नुकता अठरा झालेला. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, येऊन चार वर्षं झाली होती, आम्हाला सर्क्युलर वाचून दाखवलं होतं: अठराच्या आतली मुलगी असली की पोलिसांना कळवायचं, नाही कळवलं तर तोही गुन्हा. मला धास्तीच होती. मी पहिल्याच वाक्यात सांगून मोकळी झाले, "हे बघा, पोलिसांना कळवावं लागेल." आईने माझ्याकडे बघितलं, मुलीच्या दंडाला धरलं, म्हणाली, "हिला जरा बाथरूमला नेऊन आणते." केसपेपर टेबलावर राहिला. दहा मिनिटांनी मी मामांना बघायला पाठवलं. गेटवरच्या वॉचमनने सांगितलं, त्या केव्हाच रिक्षात बसल्या.

२९ सप्टेंबर २०२२ ला गर्भपाताबद्दल सुप्रीम कोर्टाचा निकाल आला. त्यात हेही आहे की अल्पवयीन मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर गर्भपात करणाऱ्या डॉक्टरला पोलिसांना कळवताना मुलीचं नाव उघड करायची गरज नाही. बातमी वाचताना मला ती क्लासची बॅग आठवली. तिच्यावर चैनीला एक मऊ अस्वल लटकवलेलं होतं.

पण निकाल तेव्हा असता तरी माझ्याकडून तेच झालं असतं, असं मला वाटतं. मी दार लावून घेतलं नाही. बसा म्हणाले नाही. मुलीचं बीपी घ्यायला दोन मिनिटं लागली असती, तेवढ्यात आईला पाणी दिलं असतं, मुलीला विचारलं असतं की तुला उलट्या होतात का, जेवण जातं का, तुला काय वाटतं. त्या सगळ्या बोलण्यात मुलीला कुणीच एक शब्द विचारला नाही, आईने नाही, मीही नाही. पोलिसांचं सांगावं लागलंच असतं, त्यातून सुटका नव्हती. पण चौथ्या-पाचव्या वाक्यात. तोवर कदाचित त्या बसल्या असत्या. दोन महिन्यांच्या पोटाला या शहरात कुठल्या गल्लीत काय काय मिळतं ते मला माहीत आहे, म्हणून लिहवत नाही.

सतरा नंबर पुन्हा भेटली २०१७ मध्ये. ओपीडीत गर्दी, मी टेबलावर, समोर ती, पाचवा महिना. मुलगी शेजारी उभी, आता बालवाडीतली, टेबलावरची एक्स-रे फिल्म उचलून खिडकीच्या उजेडात धरून बघत होती. या वेळी मी तिचं नाव वाचून हाक मारली. तिने ते लक्षात आल्यासारखं केलं नाही.

मी म्हणाले, "तेव्हा मी तुला नीट विचारलं नव्हतं. चूक माझी होती." अडीच वर्षं उशिरा, आणि मागे पस्तीस बायका उभ्या असताना.

ती फिल्मकडे बघत म्हणाली, "आता या खेपेला बसवायची आहे. मिस्टरांशी पण बोलणं झालंय. जास्त जाईल का परत?"

"पहिले काही महिने जाऊ शकतं. नाही सोसलं तर ये, काढू."

"मग सही आत्ताच घ्या. आत गेल्यावर माझी सही बिघडते."

पाचव्या महिन्यात फॉर्म भरायची आमची पद्धत नव्हती. मी ड्रॉवरमधून फॉर्म काढला. टेबलावरचं पेन बँडेजच्या पट्टीने खिळ्याला बांधलेलं असतं, नाहीतर संध्याकाळपर्यंत टिकत नाही. ती पट्टी तिच्या बाजूला पुरेना, म्हणून ती उठून माझ्या बाजूला आली, वाकली, आणि प्रत्येक अक्षरावर वेगळी रेघ देत सावकाश सही केली. टिंबही दिलं. मुलगी म्हणाली, "मम्मी, मला पण," आणि मी तिला फॉर्मच्या मागच्या बाजूला एक गोल काढू दिला.